कुत्र्याची काच आणि माझी

मागच्या तपासणीला गेलो तेव्हा वॉर्डातल्या तरुण डॉक्टरनं मला बाजूला घेतलं. म्हणाला, "सर, खिडकीजवळच्या खाटेवरचे काका ऑपरेशनला तयार होऊन नाही राहिले. आजार तुमचाच, ऑपरेशनही तेच. तुम्ही जरा बोलून पाहता का?"

मी जाऊन बसलो. गडी साठीचा, पारशिवनीकडचा, चांगल्या हाडापेराचा. तोंड भिंतीकडे करून पडला होता. मी माझं सगळं सांगितलं, काही झाकून ठेवलं नाही. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं आणि मान वळवून एवढंच विचारलं, "तुमी कसे तयार झाले जी?"

उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला एकदम थकवाच आला. ते एका वाक्यात सांगण्यासारखं नाही. म्हटलं, लिहून देतो. त्याची सून शाळा शिकलेली आहे, ती वाचून दाखवेल. आणखी कोणाच्या कामी पडलं तर पडो. आधीच सांगतो, धीर देणारं असं यात फार नाही. मी काही धीराचा माणूस नव्हे.

माझं काम

मी जनावरांचा डॉक्टर. नोकरीची पहिली वर्षं पारशिवनीच्या सरकारी दवाखान्यात गेली. तिथं मुख्य काम काय, तर गोऱ्हे खच्ची करणं. लोखंडी चिमटा घ्यायचा, गोऱ्हा चौघांनी पाडायचा, चिमटा दाबायचा, की झालं. किती केले त्याचा हिशोब नाही. मालक विचारायचा, "साहेब, याले काही होनार तं नाही?" मी म्हणायचो, "काही नाही होत गा, चार दिवसांत विसरते तो."

पुढे नागपुरात कॉलेजात शिकवायला आलो आणि जिवंत जनावरांशी संबंध सुटला. मेलेलं जनावर उघडायचं, कशानं मेलं ते शोधायचं, तुकडा मेणात बसवून त्याचा पातळ काप काचेवर घ्यायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. त्याला स्लाइड म्हणतात, पण आमच्याकडे सगळे काचच म्हणत. माझा मोठा भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, गावाकडे शेती करतो. तो मला नेहमी चिडवायचा, "बापानं दीक्षा घेतली त्या दिवसापासून मेलेली ढोरं ओढनं सोडलं. आनं तू गा? सरकारचा पगार घेऊन मेलेली कुत्री फाडून राहिला." वर स्वतःच पोट धरून हसायचा. गावात मात्र "माहा भाऊ डाक्टर आहे" म्हणून छाती काढून सांगायचा. कशाचा, ते सांगायचा नाही.

मेलेली कुत्री खरंच फाडायचो. त्याचं कारण असं. पुरुषाच्या पोटात खाली, लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी प्रोस्टेट नावाची एक गाठ असते, सुपारीपेक्षा थोडी मोठी. म्हातारपणी ती फुगते, आणि कोणाकोणाच्या तिच्यात कॅन्सर होतो. जनावरांत हा आजार आपोआप होतो तो मुख्यतः कुत्र्याला. बैलाला मी कधी पाहिला नाही, घोड्याला नाही. मेडिकल कॉलेजचे डॉ. पाठक माझे मित्र. ते म्हाताऱ्या माणसांच्या प्रोस्टेटच्या काचा जमवत, मी म्हाताऱ्या कुत्र्यांच्या. शनिवारी दुपारी माझ्या खोलीत आम्ही त्या शेजारी शेजारी लावून बघायचो. आम्हाला कॅन्सरपेक्षा त्याच्या आधीची अवस्था हवी होती. पेशी धड चांगलीही नाही आणि धड बिघडलेलीही नाही, वाकडी वाट धरायच्या बेतात आहे, ती तशी दिसते कशी आणि माणसात नि कुत्र्यात सारखी दिसते का. तासन्‌तास त्यावर वाद चालायचा. चहा गार व्हायचा.

त्याच शनिवारच्या दुपारी मी मधून मधून उठून मोरीकडे जात होतो आणि तिथं नुसता उभा राहत होतो. पाठक एकदा म्हणाले, "काय हो, फार वेळ लावता." मी म्हटलं, "वय झालं." सगळ्या आयुष्याचा अभ्यास ज्या गाठीचा, तिनंच लघवी अडवली आहे हे मला सुचलं नाही असं नाही. सुचत होतं, मी ते बाजूला सारत होतो. घरी माझी बायको शांता विचारायची तर सांगायचो, पाणी जास्त पिऊन राहिलो.

ज्या दिवशी कळलं

कमरेत, उजव्या बाजूला, दुखायला लागलं. मालिशचं तेल, शेक, सगळं झालं. मग एक दिवस वर्गात फळ्याकडे वळलो आणि परत वळताच येईना. त्या दिवशी पाठकांकडे गेलो. त्यांनी तपासायला लावलं, तुकडा काढायला लावला. तो भाग मी सांगत नाही. लाजिरवाणा आहे, पण लवकर आटोपतो.

निकालाच्या दिवशी पाठकांच्या खोलीत गेलो. त्यांनी खुर्ची पुढं केली, पाणी मागवलं. माणूस खुर्ची पुढं करतो तेव्हाच समजावं. मी म्हटलं, "काच कुठे आहे? मला पाहू द्या."

"राहू द्या ना आज."

"पाठक, मी दुसऱ्यांच्या शेकडो पाहिल्या. माझी एक पाहू नये काय?"

त्यांनी लावून दिली. मी माझ्या हातानं फोकस केला. पहिल्या नजरेतच दिसलं. एवढ्या एवढ्या पेशी, दाटीवाटीनं, मिळेल त्या फटीत शिरलेल्या. मधल्या अवस्थेचं तिथं काहीच उरलं नव्हतं. आम्ही दोघं चहा पीत त्या अवस्थेवर भांडत होतो तेव्हा माझ्या पोटात ती येऊन निघूनही गेली होती. मी काच बाजूला केली आणि सवयीनं तोंडातून निघालं, "स्पष्ट आहे, शंका नाही." जशी दुसऱ्याची असावी. मग काच पाठकांच्या हाती परत दिली, तेव्हा समजलं की माझी आहे.

पाठक म्हणाले, कमरेचं दुखणं म्हणजे हाडापर्यंत गेलं आहे, पण उपाय आहे. हा आजार पुरुषाच्या अंडकोशातल्या रसावर पोसतो. अंडकोश काढून टाकले की त्याची उपासमार होते. ऑपरेशन लहान, नंतर गोळ्या. बऱ्याच जणांना बरीच वर्षं मिळतात.

मी जनावरांचा डॉक्टर. मला एकच शब्द ऐकू आला. खच्ची.

नाही म्हणालो

ज्या थोड्या आजारी कुत्र्यांना आमच्या कॉलेजच्या दवाखान्यात हा उपाय करून पाहिला होता, त्यांतलं एकही वाचलं नव्हतं. उलट, लहानपणीच खच्ची केलेल्या कुत्र्यांनाही हा कॅन्सर झालेला मी पाहिला होता. काचा कपाटात होत्या. मी पाठकांना म्हटलं, "करून उपयोग नाही. माझ्याकडे पुरावा आहे."

"तो कुत्र्यांचा पुरावा आहे."

"काचा सारख्या दिसतात असं तुम्हीच म्हणत होता."

"दिसतात. वागतात वेगळ्या. माणसांत फरक पडतो, मी डोळ्यांनी पाहिला."

"तुम्ही पाहिला तो तुमचा. मी माझा पाहिला."

असे आम्ही भांडलो. ते माणूस चांगले, रागावले नाहीत, फक्त थकलेले दिसले. मी मात्र जिंकल्यासारखा घरी आलो. इतका बह्याड, इतका मूर्ख माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

घरी शांताला सांगितलं. ती महापालिकेच्या शाळेत पहिलीला शिकवते. आवाज खणखणीत. माझं ऐकून ती उठली. पदर खोचून भांडी घासायला बसली, घासलेलीच पुन्हा घासली. मग म्हणाली, "ऑपरेशन कवा आहे?"

"नाही करणार."

"काहून?"

मी कुत्र्यांचं सांगितलं. ते तिला मी पुढचे कित्येक आठवडे सांगत राहिलो. जेवताना, चहा घेताना. दुखणं वाढत होतं, मांडी घालून बसता येईना, पाट सोडून खुर्चीवर जेवायला लागलो. दादा गावावरून आला. त्याला ऑपरेशन कशाचं ते मीच सांगितलं. त्यानं पायांकडे पाहिलं. मग म्हणाला, "लोकाईले काय सांगाचं गा?" त्याचं तेवढंच आणि मी त्याला दोष देत नाही. माझ्याही मनात तेच होतं, पण मी त्याला पुरावा म्हणत होतो.

नळी

उन्हाळ्यात लघवी बंदच झाली. ज्यानं ते भोगलं नाही त्याला सांगून समजत नाही. भरती केलं, नळी टाकली आणि खाटेला टांगलेल्या पिशवीत धार लागली तेव्हा मला जे सुख झालं ते लग्नातही झालं नसेल. शांताला तसं म्हटलंही. ती म्हणाली, "मले माहीत होतंच."

वॉर्डाचे दिवस सगळे एकसारखे. सकाळी झाडू, फिनेलचा वास, मग सिस्टर, मग डॉक्टरांची फेरी. दुपारी खिडक्यांना वाळ्याच्या ओल्या तट्ट्या, तरी उन्हाची गरम लू आत यायची. नातेवाईक मागच्या अंगणात विटांवर स्टोव्ह ठेवून स्वयंपाक करत, त्यांच्या फोडणीचा वास आला की सगळे आजारी उठून बसायचे. मला लाज वाटायची ती पिशवीची. लघवीची पिशवी सगळ्यांसमोर लोंबते, वॉर्डबॉय येऊन हलवून बघतो. शांतानं पाहिलं. दुसऱ्या दिवशी जुन्या पोलक्याच्या कापडाची एक थैली शिवून आणली, बंद लावलेली. पिशवी तिच्यात. नळीसकट घरी सोडलं तेव्हा मी ती थैली हातात धरून रिक्षातून उतरलो. समोरचे जोशी गेटातून म्हणाले, "काय सर, बाजार करून आले का?" शांता म्हणाली, "हो, लिंबं होती." आम्ही आत जाऊन हसलो. कितीतरी दिवसांनी हसलो. हसताना कमरेत कळ निघाली, तरी हसलो.

डॉक्टरांनी सोडताना सांगितलं होतं, नळीनं आजार जात नाही, लवकर ठरवा. माझं ठरलेलंच होतं. पण रोज संध्याकाळी शांता माझ्याकडे बघायची, ते बघणं मला सहन होईना. म्हटलं, हिला एकदा डोळ्यांनीच दाखवतो. रविवारी तिला कॉलेजात घेऊन गेलो. सोबत पाठकांकडून मागून आणलेली माझी काच होती.

रविवारी दुपारी

कॉलेजात ती पहिल्यांदाच आली. तुकडे टिकवायच्या फॉर्मालिनच्या वासानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी कपाटातून एक काच काढून लावली, खुर्ची दिली. तिला आधी काही दिसेना, तिच्या पापण्याच तिला दिसत होत्या. मग डोळा नीट लागला.

"काय दिसून राहिलं?"

"गुलाबी आनं जांभळं. चांगलं दिसते."

"ते कुत्रं आहे. आता ही माझी."

ती पुष्कळ वेळ बघत होती. मी शिक्षकासारखा बोलत राहिलो. बघ, पेशी कशा सारख्या, बघ, इथं कशा शिरल्या. "या कुत्र्याला खच्ची केलं होतं. तरी मेलं. आता सांग, मी काहून करू?"

तिनं डोळा न काढता विचारलं, "त्या कुत्र्याचं नाव काय होतं?"

"नाव कुठलं? काचेवर नंबर आहे."

"कोनाचं होतं?"

"असेल कोणाचं तरी. लिहिलेलं नाही."

"ते मेलं तवा कोनी रडलं काय?"

"शांते, याचा काय संबंध आहे वं?"

ती उठून उभी राहिली. ती वर्गात ज्या आवाजात बोलते त्या आवाजात बोलली. "तुमाले त्याचं काहीच माहीत नाही. नाव नाही, घर नाही. नखाएवढा तुकडा पाहिला, आनं त्याच्या भरवशावर तुमी मले सोडून जाऊन राहिले. हा दुसरा तुकडा ज्याचा आहे, त्याले मी ओळखते. तो कुत्र्यापाई नाही म्हनून नाही राहिला. तो डरते. जनमभर बैलाईले खच्ची करत हिंडला, आता आपली पाळी आली तं डरते. डरा ना. मी काय नको म्हनते? पन ते कुत्र्यावर नका ढकलू."

मी तिथल्या स्टुलावर बसलो. थैली मांडीवर होती. मला रडू आलं. म्हटलं, "डरतो वं मी. मग माझं काय राहील? तुझ्यासाठी काय राहील?"

"मले काय पायजे, ते विचारलं का तुमी कवा?"

"काय पाहिजे?"

"शाळेतून येते तवा तुमी दारातल्या ओट्यावरून हाक मारता, शांते, चहा टाक. इतके दिवस मले त्याचा राग येत होता. आताही येते. पन ते पायजे."

मग तिनं पेन मागितलं. माझ्या काचेच्या टोकाला चिकटवलेल्या कागदावर नंबर होता. त्याच्या खाली तिनं माझं नाव लिहिलं, पहिलीच्या पोरांना फळ्यावर लिहून देते तशा मोठ्या, गोल अक्षरात.

पुढे

ऑपरेशन खरंच लहान. पाठीत सुई, खालचं अंग मेल्यासारखं, वर पंखा फिरतोय. जे ऐकू येत होतं ते ऐकू नये म्हणून मी सिस्टरला तिच्या गावचं विचारत राहिलो. ती केरळची, तिनं तिच्या आईच्या घरामागच्या फणसाचं सांगितलं. मला अजून तो फणस पाठ आहे.

दादा दुसऱ्या दिवशी आला. खाटेशी बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली. "दुखलं का गा?"

"नाही. सुई देते ना."

"बैलाले तं देत नव्हता तू."

"नव्हतो."

त्यानं मान हलवली. लोकांना काय सांगायचं ते त्यानं आधीच ठरवून टाकलं होतं. गावात त्यानं हर्निया सांगितला.

कमरेचं दुखणं आठवड्याभरात ओसरलं. मी विश्वास ठेवायला तयार नव्हतो, पाठकांना फोन करून म्हटलं, "योगायोग असेल." ते म्हणाले, "तुम्ही आता गप्प बसा." मी पाटावर मांडी घालून जेवलो त्या दिवशी शांतानं न विचारता दुसरी भाकर वाढली. मी खाल्ली.

सगळं चांगलंच झालं असं मात्र नाही, आणि खिडकीजवळच्या काकांना ते कळलं पाहिजे. गोळ्यांनी छाती दुखते आणि फुगते. बनियन काढायची लाज वाटते. दाढी पातळ झाली. दिवसभर अंगात शिणवटा असतो, दोन तास शिकवलं की झोपावंसं वाटतं. अंगातून एकाएकी वाफा निघतात, हिवाळ्यात घामाघूम. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा मी घाबरून पंखा लावायला सांगितला. शांता हसून हसून खाली बसली. "आता समजलं? पाळी गेली तवा चार वर्षं मी पंखा लावा म्हनत होती तं तुमी म्हनत होते नाटकं करते." नवरा-बायकोचं जे होतं ते राहिलं नाही. त्याचं वाईट वाटतं. मला वाटतं आणि तिलाही वाटत असेल, ती म्हणत नाही. पण आम्ही आता जेवढं बोलतो तेवढं आधी बोलत नव्हतो.

आजार गेला नाही. दबून बसला आहे. कधीतरी उठेल, हे पाठकांनीही सांगितलं आणि मला काचेवरूनही माहीत आहे. त्याची भीती वाटते का? वाटते. आता मात्र सरळ भीतीच म्हणतो.

कामावर परत गेलो. परवा सदरचा एक दुकानदार त्याचं म्हातारं कुत्रं रिक्षात घालून घेऊन आला. मेलेलं होतं, चादरीत गुंडाळलेलं. कशानं मेलं ते त्याला हवं होतं. मी टेबलावर घेतलं, आणि हत्यार उचलायच्या आधी विचारलं, "नाव काय होतं याचं?" माणसानं चादरीची घडी सारखी केली. मग म्हणाला, "मोती." मी नंबराखाली मोती लिहिलं. माझ्या वर्गातली मुलं एकमेकांकडे बघून हसली. हसू दे.

तर काका, असा तयार झालो. तुमच्या घरी कोणी असेल त्याला विचारा, तुला माझं काय पाहिजे म्हणून. दुसऱ्या कोणाला विचारू नका, मलाही नाही. मी कुत्र्यांचा डॉक्टर आहे.

एवढं लिहून दम लागला. संध्याकाळ झाली, फाटक वाजलं, ती आली आहे शाळेतून. उठून आत जायचं जिवावर येतं. पण हाक ओट्यावर बसल्या बसल्या मारता येते.